एकनाथचा उजवा हात

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही — आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, त्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. म्हणजे हाही भित्रेपणाच झाला.

मी अंबडला एका कारखान्यात ड्रॉइंग काढतो, मशीनच्या सुट्या भागांची. सहा वर्षांपूर्वी, वय छत्तीस, पोट सुटलेलं, अशा अवस्थेत मला एक खूळ लागलं. परग्रहावरच्या सैनिकाचं चिलखत बनवायचं. अंगावर चढवून चालता येईल असं, छातीत निळा दिवा असलेलं. कुठल्या सिनेमातलं नाही, माझं स्वतःचं. शाळेत वहीच्या मागच्या पानांवर मी ते काढायचो. बायको म्हणाली, "गॅलरीत काय करायचं ते करा, हॉलमध्ये पसारा नको."

फोमच्या जाड शीट आणल्या, गरम हवेच्या गनने वाकवल्या, सोल्यूशनने चिकटवल्या. छाती झकास जमली. पण खांदा काही हलेना. हात वर केला की अख्खं चिलखत कानापर्यंत यायचं. दोन महिने त्या खांद्याशी झटलो. शेवटी फोमला शिवण घालता येते का, हे विचारायला एका सीट कव्हरच्या दुकानात गेलो. तिथे एकनाथ भेटला.

एकनाथ सटाण्याकडचा. रिक्षांची, मोटारसायकलींची सीट कव्हरं शिवायचा. माझं ड्रॉइंग त्याने उलटसुलट करून पाहिलं, बाजूला ठेवलं आणि सरळ माझ्या शर्टावर, खांद्यापाशी खडूने रेघ मारली.

"सर, माणसाचा खांदा असा नसतो. हा कागदावरचा हाय."

रेक्झिनची एक घडी त्याने मधे घातली. खांदा हलला.

मग तो दर रविवारी यायला लागला. 'सर'चं 'भो' कधी झालं, कळलंच नाही. तो उंच, सडपातळ — म्हणून चिलखत त्याच्याच मापाचं केलं, घालणारही तोच. वायरिंग त्याने केलं. रिक्षांचे दिवे आणि हॉर्न जोडायची सवय होतीच त्याला. खरं सांगू? निम्म्याहून जास्त काम त्याचं होतं. पण मी त्याबद्दल बोलायला बसलेलो नाही. मुद्द्यावर यायला मी वेळ लावतोय, कळतंय मला.

बॅटरी. कमरेच्या डबीत एक लिथियमची बॅटरी होती, ड्रोनमध्ये असते तसली. कॉलेज रोडवरच्या एका हॉलमध्ये अशा पोशाखांची स्पर्धा होती. तिच्या आदल्या रविवारी एकनाथने बॅटरी हातात घेतली, दाबून पाहिली.

"भो, ही फुगलीय. लय डेंजर काम हाय. नको लावू."

नवी मागवतो, म्हणालो. आणि मागवायची विसरलो. हेल्मेटच्या रंगात अडकलो होतो — तीन हात मारले तरी चकाकी येत नव्हती — आणि विसरलो. शुक्रवारी आठवलं तेव्हा ती वेळेत येणार नव्हती.

विसरतं माणूस. विसरलो, दिव्याशिवाय जाऊ, असं एक वाक्य बोललो असतो तर काय झालं असतं? एकनाथ दोन शिव्या देऊन हसला असता. पण मला निळा दिवा लागलेला हवा होता. लोकांनी तो बघायला हवा होता. रविवारी सकाळी मी तीच बॅटरी काळ्या टेपने घट्ट गुंडाळली, फुगवटा दिसू नये म्हणून. घाईगडबडीत नाही. टेबलाशी बसून, नीट, कडा दाबून.

हॉलच्या मागच्या खोलीत मी त्याच्या पाठीचे पट्टे आवळत होतो, तेव्हा त्याने विचारलं, "नवी आणली ना?"

"हो."

एक अक्षर. त्याने डबी उघडूनही पाहिली नाही.

दिवा लागला. एकनाथ स्टेजवर चालला, आणि काय चालला! पोरंटोरं खुर्च्यांवर उभी राहिली. मी स्टेजच्या कडेला, त्याच्यापासून दोन पावलांवर. मग त्याच्या कमरेतून धूर निघाला. हेल्मेटमधून त्याला खालचं नीट दिसत नसणार — चटका बसला तसा तो उजव्या हाताने ती डबी उपटायला गेला. बॅटरी त्याच्या मुठीत पेटली.

आणि मी? मी मागे सरकलो. दोन पावलं पुढे जायचं होतं, मी मागे गेलो. त्याचे पट्टे तिसऱ्याच कुणीतरी सोडले. ते झटकन कसे सुटतात, हे तिथे फक्त मला माहीत होतं.

दवाखान्यात सुनंदावहिनी आल्या, एकनाथची बायको. स्पर्धेचे आयोजकही होते. त्यांनी विचारलं, "वायरिंग कुणी केलं होतं?"

"एकनाथने," मी म्हणालो.

वाक्य खरं होतं. किती सोपं गेलं ते! मग मी पुढे म्हणालो, "घाईत एखादी वायर उलटी लागली असेल." हे वाक्य खरं नव्हतं. कुणी शंका घेतली नाही. मी इंजिनीअर, तो सीट कव्हर शिवणारा. कुणी शंका घेणार नाही, हे मला बोलतानाच माहीत होतं.

एकनाथने ऐकलं. हाताला हे एवढं बँडेज, आणि तो मलाच म्हणाला, "माझ्याच हातून झालं भो. तुझा सूट गेला रे."

सोमवारी ती जळकी बॅटरी मी कारखान्याच्या भंगारात टाकली. काळा टेप वितळून तिला चिकटून बसला होता.

पुढचे दोन महिने मी त्याला स्कूटरवरून ड्रेसिंगला नेत होतो. सख्खा भाऊ करणार नाही एवढं केलंत, असं वहिनी म्हणायच्या. मी ते ऐकून घ्यायचो. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत. मशीनखाली रेक्झिन सरकवता येत नाही, म्हणून शिवायला आता वहिनी बसतात. तो डाव्या हाताने कापतो, शिकलाय. पण वायरला हात लावत नाही. घरातला बल्बचा होल्डर बदलायलाही माणूस बोलावतो. "आपल्याला नाय जमत ते," असं गिऱ्हाइकांसमोर हसत सांगतो, आणि मग स्टेजवर आपणच कशी उलटी वायर लावली, ती गोष्ट रंगवून सांगतो. मी दोनदा तिथे उभा होतो. दोनदा ऐकली.

यंदा दसऱ्याला त्यांनी पाथर्डी फाट्याला नवं दुकान घेतलं. मला पूजेला बोलावलं. सगळ्यांसमोर म्हणाला, "या माणसाचं बक्षीस माझ्यामुळं हुकलं. पण इतक्या वर्षांत एका शब्दानं बोलले नाय." लोक माझ्याकडे कौतुकाने बघत होते.

नंतर मी चपला घालत होतो तेव्हा तो बाहेर आला. आसपास कुणी नव्हतं. हळू आवाजात म्हणाला, "भो, खरं सांग. मनात काय राग नाय ना माझ्यावर?"

याहून सोपी जागा मला कुणी दिली असती? त्याने दार उघडून धरलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं — आणि म्हणालो, "वेडा का रे? मी तुला तेव्हाच माफ केलं."

त्याचे डोळे भरून आले. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला, त्या न मिटणाऱ्या बोटांसकट.

घरी आलो, जेवलो, झोपलो. त्याला अजून काहीही माहीत नाही.

वायरी त्याने बरोबर जोडल्या होत्या. सगळ्या.