पासपोर्टच्या कोपऱ्यावरची टेप

वंदू, जवाहरनगरच्या क्वार्टरमधून मी दुसऱ्यांदा जर्मनीला निघाले, ती सकाळ तुला आठवत असेल. ऑटो दारात उभा आणि बाबा माझा पासपोर्ट घेऊन आत बसलेले. फोटोच्या पानाचा कोपरा जरासा उचकटला होता. त्यांनी त्यावर पारदर्शक टेप लावली, नखानं घासून बुडबुडे काढले. "आता पान्यात पडला तरी काही होत नाही. कागद फाटला का मानूस अडला, ध्यानात ठेव."

आपल्या घरात कागद आला की आधी लॅमिनेशनला जायचा. तुझी टीसी, माझा जातीचा दाखला, मायचं रेशनकार्डसुद्धा! फॅक्टरीतल्या नोकरीपर्यंत बाबा कागदांच्याच जोरावर पोचले होते. मला त्या टेपचं कौतुकच वाटलं, आणि जाताना ती कुणाच्या नजरेलाही आली नाही.

सात महिन्यांनी तुझा फोन आला, "माय बोलून नाही राहिली, लवकर ये." मी नोकरी करायचे त्या हॉस्पिटलनं मला लगेच रजा दिली. विमानतळावर काउंटरवरच्या बाईनं टेपवरून अंगठा फिरवला आणि पासपोर्ट परत केला. खराब झालेला पासपोर्ट चालत नाही, तुमच्या देशाच्या कॉन्सुलेटमध्ये जा, म्हणाली.

कॉन्सुलेट कुठं असतं, कोणाला ठाऊक! मोबाइलवर दिसला तो नंबर लावला. तो पर्यटकांच्या व्हिसाचा निघाला. रेकॉर्ड केलेला आवाज एक दाबा, दोन दाबा म्हणत राहिला, मी दाबत राहिले. तोवर शुक्रवार संपला. दूतावास तिथल्या राजधानीत असतो, म्हणून शनिवारी तिकडची गाडी पकडली. अर्ध्या वाटेत समोरच्या पंजाबी बाईंनी सांगितलं, तुमच्या भागाचं कॉन्सुलेट तर मागे राहिलं, तातडीचा नंबर वेगळा असतो. उतरले. फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत फोन लावला. पलीकडचा माणूस भला होता. उद्या रविवार असला तरी ऑफिस उघडतो, म्हणाला.

रविवारी त्यानं कागद पुढे केला. पासपोर्ट कसा खराब झाला ते लिहून सही करा. एवढी घाई असून माझा हात थांबला. मग लिहिलं, टेप मीच लावली.

प्रवासाचा तात्पुरता कागद मिळाला. मी सोमवारी संध्याकाळी पोचले. माय शनिवारीच गेली होती. बाबांनी तिला न्यायला जमलेल्या लोकांना रविवारी दुपारपर्यंत थांबवून धरलं होतं, हे तूच सांगितलंस.

"काहून उशीर केला व?" बाबांनी विचारलं.

"टिकीटच भेटलं नाही."

"मनात असतं त भेटलं असतं."

तू पाणी द्यायलाही उठली नाहीस. त्यानंतर प्रत्येक सुट्टीत मी ते वाक्य ऐकलं. परत जाताना विमानात रडायचे, चिडायचे, खरं सांगून टाकावंसं वाटायचं. पण बाबांना रात्री झोप लागायची, ती मोडायची हिंमत झाली नाही.

आता बाबाही नाहीत. क्वार्टर दुसऱ्या कोणाचं आहे. भंडाऱ्याला यायचं म्हणजे तुझ्याच दारात यायचं, आणि तिथं तरी मला खोटी म्हणून उभं राहायचं नाही. मी निघाले होते गं, वंदू. त्याच दिवशी निघाले होते.