तिसरं कडवं

आमच्या घरात माझं एक वाक्य बदनाम आहे. "माहीत आहे मला." बायकोने काही सांगायला सुरुवात केली की तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी ते म्हणतो. रागाने नाही. दमलेलो असतो, आणि ते म्हटलं की समोरच्याचं बोलणं थांबतं, मला परत लॅपटॉपकडे वळता येतं. मुलगी इथेच, परदेशात जन्मलेली. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. पण माझी नक्कल करताना ती खांदे पाडते, आवाज जड करते आणि अगदी स्वच्छ मराठीत म्हणते, "माहीत आहे मला." मग दोघी हसतात. मीही हसायचो.

टाकानिनी या उपनगरात घर घेतल्यापासून आमच्या मंडळाच्या गाण्यांच्या कार्यक्रमात ट्रॅक लावायचं काम माझ्याकडे आहे. ट्रॅक म्हणजे गायकाचा आवाज काढून टाकलेलं गाणं, नुसती वाद्यं. आमच्याकडे ट्रॅकशिवाय कुणी गात नाही. तालीम कुणाच्या तरी गॅरेजमध्ये असते, मी स्पीकर आणि फोन घेऊन कोपऱ्यात बसतो, आणि मंडळी येऊन सांगतात, "दादा, माझा अर्धा सूर खाली घ्या हं, घसा बसलाय." कुणाची पट्टी कुठली हे मला पाठ आहे. बायकोची काळी चार. ती लहानपणी पुण्यात काही वर्षं गाणं शिकलेली, पण मंडळात ती कोरसमध्येच उभी राहते. वेळ नसतो म्हणते.

वेळ नसतो हे खरंच आहे. पुण्यात ती शाळेत शिकवायची. इथे आल्यावर पुन्हा परीक्षा द्या म्हणाले. त्यातच मुलगी झाली, माझी नोकरी नवी होती, आणि पुढच्या वर्षी बघू असं आपण म्हणतो ना, तसं मी म्हणालो. ते पुढचं वर्ष काही आलं नाही. ती पुकेकोहेजवळच्या एका रेस्ट होममध्ये केअरगिव्हर आहे. म्हाताऱ्या माणसांना उठवणं, भरवणं, अंघोळ घालणं.

तिथे एक आजी होत्या, माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांपैकी. आयुष्यभर कांद्याच्या शेतात आणि पॅकिंग शेडमध्ये काम केलेल्या, हाडापेराने मोठ्या. शेवटी शेवटी त्यांचं बोलणं गेलं होतं, माणसं ओळखू येत नव्हती, पण एक गाणं राहिलं होतं. जुनं इंग्रजी सोल गाणं, त्यांच्या तरुणपणी डान्स हॉलमध्ये वाजायचं ते. आजी अंघोळीला अजिबात तयार नसायच्या, हात अंगाशी घट्ट धरून बसायच्या. माझ्या बायकोने ते गाणं त्यांच्याच तोंडून ऐकून उचललं. तिने पहिली ओळ म्हटली की आजी पुढची म्हणायच्या आणि आपणहून हात वर करायच्या.

हे सगळं तिने मला त्या वेळी सांगितलं होतं. माझ्या कानावर पडलं होतं असं म्हणू या.

गेल्या हिवाळ्यात आजी गेल्या. त्या संध्याकाळी बायको घरी आली ती युनिफॉर्म न बदलताच माझ्या टेबलापाशी उभी राहिली.

"आजी गेल्या आज. उद्या दुपारी त्यांच्या मराएवर जायचंय आम्हाला सगळ्यांना. आमची मॅनेजर बोलणार, आणि त्यांच्यात बोलून झालं की आलेल्या लोकांनी गायचं असतं. त्यांच्या मुलीने फोन करून सांगितलं, आईचं गाणं तूच म्हण."

"कुठलं गाणं?"

तिने नाव सांगितलं.

"माहीत आहे मला," मी म्हणालो.

आणि मला खरंच माहीत होतं. कॉलेजला असताना हॉस्टेलच्या खोलीत त्याची कॅसेट वाजायची. वेष्टणावर पांढरी जॅकेटं घातलेली चार पोरं, आत चुटक्या आणि टाळ्या. गाण्यातली बाई घरी आलेल्या माणसाला म्हणते, हवं तर कोट काढू नकोस, पण जरा बस. ती पोरं हे इतक्या आनंदाने म्हणायची की आम्ही त्यावर गॅदरिंगला नाचलो होतो.

"ट्रॅक काढून ठेवतो."

"ट्रॅक कशाला? तिथे कोण ट्रॅक लावतं?"

"आणि मध्येच सूर सुटला म्हणजे? एवढ्या लोकांसमोर?"

ती घाबरलेलीच होती. शब्द परके, माणसं परकी, मयताची जागा. "बरं," ती म्हणाली. "पण तू एकदा ऐकशील का? दोन मिनिटं. मी थोडं वेगळं म्हणते, आजींसारखं."

"पट्टी माहीत आहे मला. काळी चार."

सोफ्यावरून मुलीने मान वर केली. "ओ, ते तर माझं जिमचं गाणं!" असं काहीतरी इंग्रजीत म्हणून तिने फोनवर लावलं. तिच्या गाण्यात नुसती धडधड होती, आणि एक बाई "जरा बस, जरा बस, जरा बस" एवढंच म्हणत होती. मी मुलीला समजावलं, की हे कव्हर आहे, म्हणजे नक्कल, तुमच्या पिढीला मूळ वस्तू माहीतच नसते. मग मी तिला माझी चार पोरं ऐकवली. हे खरं गाणं, म्हणालो.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आजींचं असं नव्हतं पण."

"अगं, म्हातारं माणूस ते. विसरल्या असतील चाल."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तिच्याबरोबर गेलो. ट्रॅक मला लावायचा होता. मराए म्हणजे माओरी कुळाची एकत्र जमायची जागा; तिथल्या सभागृहाच्या ओसरीवर बूट, गमबूट, रबरी चपला ओळीने काढून ठेवलेल्या. आत जमिनीवर गाद्या घातलेल्या, समोर उघडी शवपेटी, शेजारी घरातल्या आधी गेलेल्या माणसांच्या तसबिरी, आणि पेटीला टेकून बसलेल्या काळ्या कपड्यांतल्या बायका. आजींची मुलगी त्यांच्यातच होती, साठीची, आईसारखीच दणकट. मी भिंतीशी गादीवर बसलो आणि स्पीकर मांडीजवळ ठेवला. तो आमच्या गणपतीतला स्पीकर. त्याच्या एका बाजूला अजून चमकीचा कागद चिकटलेला होता.

मॅनेजर थोडंच बोलली. मग रेस्ट होमची सगळी माणसं उठून बायकोच्या मागे उभी राहिली. नर्स, स्वयंपाकी, सफाईवाली, सगळे. मी बसूनच होतो. तिने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली आणि बटण दाबलं.

टाळ्या सुरू झाल्या. मशीनच्या टाळ्या, चुटक्या, मग तो उड्या मारणारा बेस. त्या शांत जागेत तो आवाज इतका मोठा होता की दाराशी बसलेलं एक लहान मूल उभं राहून नाचायलाच लागलं. बायकोने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग तिने प्रयत्न केला. पहिली ओळ त्या वेगात कोंबायला गेली, शब्द एकमेकांवर पडले. आणि वेगाचं एक वेळ सोडा, पट्टीही तिची नव्हती. हे गाणं ती आजींच्या आवाजात शिकलेली, पार खालच्या सुरात. मी तिची काळी चार लावून ठेवली होती. ती वर ताणून चिरकली आणि थांबली.

"बंद कर," ती मराठीत म्हणाली. मोठ्याने.

मी फोन उचलला. स्क्रीन लॉक झालेली. माझी बोटं थंडीने गारठलेली, फोन काही ती ओळखेना. चार पोरांच्या टाळ्या चालूच. शेवटी मी स्पीकर उलटा करून त्याचं बटण शोधलं तेव्हा कुठे शांतता झाली.

त्या शांततेत मी मान वर केली नाही.

मी बघितलं तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. खाली, अगदी खाली, तिने सूर लावला. गाणं इतकं संथ सुरू झालं की मला ते ओळखू आलं नाही. शब्द तेच होते. पण आता ती बाई कुणाला नाचायला बोलवत नव्हती. ती दमलेली होती, समोरचा माणूसही दमलेला होता, आणि हा आता पुन्हा उठून जाणार हे तिला ठाऊक होतं. मागून कुणीतरी गिटार घेतली. आजींचा मुलगा होता. त्याने तिच्याकडे न बघताच तिचा सूर शोधला आणि हळूच खाली धरला. पेटीजवळच्या बायका त्यात शिरल्या. दुसऱ्या कडव्याला निम्मं सभागृह गात होतं.

मग तिसरं कडवं आलं. माझ्या कॅसेटमध्ये तिसरं कडवं नव्हतंच. ती बाई म्हणते, कुठे होतास ते मी विचारणार नाही. खिडकीबाहेर पाऊस आहे तोवर बस, मला नुसतं तुझ्याकडे बघू दे. हे म्हणताना बायकोचा उजवा हात वर गेला, कोपरात वाकलेला, कुणाचा तरी दंड अलगद उचलून धरावा तसा. तिला ते कळलंही नसेल. आजींच्या मुलीला कळलं. तिने पेटीच्या कडेवर डोकं टेकवलं.

तोवर मीही उठून उभा राहिलो होतो. शब्द येत नव्हते. ओठ हलवत होतो.

नंतर जेवणाच्या हॉलमध्ये आजींची मुलगी ताट घेऊन माझ्याकडे आली. "हा बघा आला आमचा डीजे!" ती इंग्रजीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि आजूबाजूची टेबलं हसली. "त्या पोरांचं गाणं लागलं की आई रेडिओ बंद करायची, माहितीये? म्हणायची, चांगल्या गाण्याचं कापड घेऊन अंडरवेअर शिवलीय. आणि तू आज तिच्या उशाशी लावलंस!"

मी माफी मागायला लागलो.

"सोड रे. ती हसली असती." माझ्या ताटात तिने मटणाचा आणखी एक तुकडा टाकला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण बायको गायला उभी राहिली आणि तू बसून? तुमच्याकडे असं करतात?"

मी म्हणालो, मला ट्रॅक लावायचा होता. ती पुढच्या टेबलाकडे गेली.

परतताना गाडीत मी म्हणालो, "सॉरी."

"कशाबद्दल?"

"चुकीचा ट्रॅक लावला."

"बरं," ती म्हणाली आणि बाहेर बघत बसली. कांद्याची शेतं, मग नवी घरं, एकसारखी करडी छपरं. मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर मला हलकं वाटलं असतं, पण तेवढी दमणूकही तिला माझ्यासाठी करायची नव्हती.

पुढच्या आठवड्यात ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये मी मूळ गाणं शोधून ऐकलं. एक ऑर्गन, एक बाई, मागे दोन आवाज. तिसरं कडवं होतं त्यात. मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुमचंही कव्हरच की, बाबा." मी "हो" म्हणालो. मला वाटलं होतं ती माझी नक्कल करेल, पण तिने नुसतं एकदा आईकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी मुलगी वर अभ्यासाला गेली. बायको फोडणी करत होती. मी पाठीवरची बॅग तशीच ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो.

"ते गाणं म्हणशील?"

"तुला माहीत आहे ना ते."

"नाही," मी म्हणालो. "मला नाही माहीत."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. डाव हलवत राहिली. "आत्ता नको. पाय दुखतायत. आज दोघीजणी आल्याच नाहीत कामावर."

"बरं."

मी जायला वळणार होतो. ते माझ्या अंगातच आहे, नाही म्हटलं की सुटलो समजून निघायचं. लॅपटॉप बॅगेत होता, तासभराचं काम राहिलेलं होतं. पण मी स्टूल ओढलं आणि बसलो, बॅग पाठीवरच. कढईवरचा पंखा घरघरत होता. थोड्या वेळाने तिने भाजीवर झाकण ठेवलं, हात पुसले आणि पंखा बंद केला.

मग कट्ट्याला टेकून, माझ्याकडे पाठ तशीच ठेवून, तिने खालचा सूर लावला.