उपदेशकाचा आवाज गेला तेव्हा

डॉक्टरांनी कपाळावरचा गोल आरसा वर सरकवला आणि आधी माझ्याकडे पाहिलं, यांच्याकडे नाही.

"लॅरिंजियल ट्युबरक्युलोसिस," ते म्हणाले. ट्युबरक्युलोसिस म्हणजे क्षय. लॅरिंक्स म्हणजे गळ्यातली ती पेटी, जिथून आपला आवाज निघतो. यांच्या छातीतला क्षय तिथवर चढला होता.

"आजपासून बोलणं बंद. कुजबुजसुद्धा नको. काम काय करता?"

यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तसं डॉक्टरांनी बोट वर केलं. मग मीच सांगितलं, "उपदेशक आहेत. शाळाही चालवतात."

डॉक्टर खिडकीकडे वळून हात धूत राहिले. बराच वेळ धूत राहिले.

ही एकोणीसशे तीसनंतरच्या वर्षांतली गोष्ट. रेवसच्या अलीकडे खाडीकाठच्या एका गावात आमची मिशनची शाळा होती आणि तिच्यातच रविवारची उपासना भरायची. उपासनेला जमणारी मंडळी लहान, पण कामाला अंत नव्हता. शाळा सुटली की हे मिठागरांच्या बांधावरून पलीकडच्या गावी सभेला जायचे. कुणाचं मूल आजारी, कुणाचं लग्न ठरवायचं, दोन भावांचं भांडण मिटवायचं, सगळीकडे हेच. आमची स्वतःची प्रार्थना चहा उकळेपर्यंत उभ्याउभ्या व्हायची. "पावसाळ्यात निवांत बसू गं देवाजवळ," असं हे म्हणायचे. पावसाळ्यात शाळेचं छप्पर गळायचं.

उन्हाळ्यात आवाज बसला तेव्हा आम्ही ज्येष्ठमध दिलं. बोलून बोलून बसला असेल, असंच सगळ्यांना वाटलं. मग संध्याकाळचा ताप सुरू झाला, आणि भाताचा घास गिळताना यांच्या डोळ्यांत पाणी येऊ लागलं. तेव्हा लाँचने मुंबई गाठली.

मुंबईच्या इस्पितळात थुंकी तपासली, छातीचा एक्स-रे काढला. एक्स-रे म्हणजे हाडांच्या आतलं दाखवणारा फोटो. बाकावर बसून वाट पाहण्यात कित्येक सकाळी गेल्या. गळ्यातल्या जखमेला विजेच्या तारेने डागलं. त्याला कॉटरी म्हणतात. डागताना हे ओरडू शकत नव्हते, फक्त माझं मनगट धरून होते. क्षयरोग्यांच्या सॅनेटोरियममध्ये जागा नव्हती. "घरी न्या, हवा चांगली आहे तुमच्याकडे," असं डॉक्टर म्हणाले. भांडी वेगळी ठेवा, थुंकी जाळा, हेही सांगितलं. औषध असं त्या काळी नव्हतंच.

आम्ही निघण्याआधी त्यांनी मला एक युक्ती शिकवली. रोग्याने पालथं निजायचं, डोकं खाटेच्या कडेवरून खाली सोडायचं आणि जमिनीवरच्या पेल्यातलं दूध नळीने ओढायचं. असं केलं की दूध जखमेवरून न जाता बाजूने उतरतं, दुखणं कमी होतं. तुमच्या घरी असा रोगी असेल तर हे लक्षात ठेवा.

घरी परतल्यावर घराला लागूनची शाळा मी हाती घेतली. रविवारची उपासनाही. पहाटे भांड्यातली थुंकी जाळायची, चादरी उकळायच्या, मग मुलं, मग दूध, मग पुन्हा मुलं. मंडळीतले लोक आधी अंगणात येऊन प्रार्थना करायचे. हळूहळू तेही रस्त्यावरूनच हात जोडू लागले. पोरंबाळं असलेल्यांना मी काय बोलणार?

एकदा मिशनच्या मोठ्या बाई आल्या. नाकाला रुमाल लावून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "वाईटातूनही प्रभू चांगलं करतो," त्या म्हणाल्या. "बघा, आता यांना प्रभूसाठी वेळच वेळ मिळाला."

मला त्या वाक्याचा राग आला नाही. उलट मी ते धरून ठेवलं. मला गुडघे टेकायला क्षण मिळत नव्हता, टेकले तर झोप लागत होती. पण आत खाटेवर हे आहेत, दिवसभर शांत, देवाच्या जवळ. आमच्या दोघांच्या वाट्याची प्रार्थना तिथे चालली आहे. या एका समजुतीवर मी अख्खा पावसाळा काढला.

मग एका दुपारी दूध पाजून झाल्यावर मी म्हटलं, "आज माझ्यासाठीही प्रार्थना करा. माझ्याने होत नाही."

बोलण्यासाठी यांच्या उशाशी शाळेची पाटी असायची. यांनी ती घेतली, लिहिलं, पुसलं, परत लिहिलं.

"मी पण करत नाही. खूप दिवस झाले. वेळ आहे, समोर कोणी नाही."

मी ते दोनदा वाचलं. ज्या माणसाने गावोगाव फिरून लोकांना देवाचं नाव सांगितलं, त्याच्या हातचं ते अक्षर होतं. मला भीती वाटली, त्यांच्या मरणाची वाटत होती त्याहून मोठी.

"मग इतकी वर्षं आपण कुणासाठी धावलो?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा.

यांनी पाटी पालथी छातीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी मधल्या सुट्टीत घरात आले आणि दार लावून घेतलं. मुलं अंगणात ओरडत होती. मी खाटेजवळ खाली बसले. हे माझ्याकडे बघत राहिले. "मागायचं काही नाही," मी म्हटलं. "नुसतं बसायचं. तो आला तर आपण जागेवर असावं, एवढंच."

तेव्हापासून रोज बसलो. मी काम टाकून बसले. डोंगराएवढं काम बाहेर असताना. काही झालं नाही. प्रकाश दिसला नाही, ताप उतरला नाही. कधी हे रडायचे, कधी मी. एकदा मला हसू आलं, का ते आठवत नाही. सांत्वन मिळालं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल.

थंडी पडू लागली तेव्हा दूधही उतरेना. अशाच एका मधल्या सुट्टीत हे गेले. यांचा हात माझ्या हातात होता आणि बाहेर मुलं लंगडी खेळत होती. मी लगेच उठले नाही. वेळ संपेपर्यंत बसले.

शाळा पुढे मीच चालवली. लोक आता मला विचारतात, आजारपणात देवाने काय शिकवलं? मला ठाऊक नाही. पण एक सांगते. आजाऱ्याला कधी म्हणू नका की आता देवासाठी वेळ मिळाला. दुखण्याने त्याचा सगळा वेळ खाल्लेला असतो. त्याच्याजवळ जाऊन बसा. हातातलं काम टाकून बसा. तेवढ्या बसण्याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते, तो तिथे होता की नव्हता हे न कळताही.

दुपारचं दार मी अजून लावते. शेजारची ठकूबाय मिठागरावर जाते, आमच्या धर्माची नाही. परवा ती पायरीवर थांबली होती.

"बाय, रोज दार लावून बसतंस. देव येतो का गं तुजा?"

"न्हाय आला अजून."

"मंग?"

"उद्या परत बसायचं."

तिने डोक्यावरची टोपली उतरवून बाजूला ठेवली. "मी बसू का वाईच?" ती म्हणाली, आणि मी दारातून बाजूला सरकले.