खांबेटेबाईंची अट

कोथरूडमध्ये जर्मन शिकवणारे गल्लोगल्ली आहेत. पण शिकवून झाल्यावर मुलांना जर्मनीला संडास घासायला धाडणारी बाई एकच, आणि ती आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहते. श्यामला खांबेटे.

उन्हाळ्यात तिकडे मळ्यांवर, हॉटेलांत माणसं कमी पडतात. बाईंच्या तिथे जुन्या ओळखी. सुट्टीपुरती कॉलेजची मुलं जातात, स्ट्रॉबेरी तोडतात, खोल्या आवरतात आणि भाषा पक्की करून परत येतात. बाई यात एक पैसा घेत नाहीत. मात्र जाण्याआधी महिनाभर मुलांकडून स्वतःच्या घरची फरशी पुसून घेतात, अशी सोसायटीत कुजबुज आहे. ती खरी आहे. ज्यांनी जन्मात स्वतःचं ताट उचललेलं नाही अशा मुलांना त्या ओळीने बादलीपुढे बसवतात. मला ते दृश्य फार आवडतं.

बाईंची अट मात्र एकच. मूल कुठलं काम करायला चाललंय, हे घरच्यांनी चारचौघांत स्पष्ट सांगायचं. ‘ट्रेनिंग’, ‘इंटर्नशिप’ असले शब्द चालायचे नाहीत. कोथरूडमध्ये ही अट जर्मन व्याकरणापेक्षा अवघड आहे.

गेल्या वर्षी आप्पासाहेबांचा यज्ञेश्वर निघाला होता. आप्पासाहेब निवृत्त प्राचार्य. श्रमप्रतिष्ठेवर त्यांनी इतकी व्याख्यानं दिली आहेत की ऐकणाऱ्यांना श्रम झाले. संध्याकाळी आम्ही पाचसहा म्हातारे फाटकाजवळच्या बाकावर बसतो, तिथे त्यांनी जाहीर केलं, की चिरंजीव जर्मनीत हॉटेल व्यवसायाचं प्रशिक्षण घेणार आहेत. नेमक्या तेव्हाच खांबेटेबाई भाजीची पिशवी घेऊन आत शिरत होत्या.

“प्रशिक्षण?” त्या थांबल्या. “मग ती जागा दुसरीकडची असणार. माझ्याकडची रद्द करते.” आणि सरळ जिना चढून गेल्या.

आप्पासाहेबांचा चेहरा उतरला. तिकीट काढून झालं होतं, आठवड्यावर जाणं आलं होतं. पोराने दोन वर्षं रात्रंदिवस जर्मन घोकलं होतं. मला राहवेना. मी भांडायच्याच तयारीने बाईंच्या घरी गेलो.

“बापाच्या एका शब्दासाठी पोराचं वाटोळं करता?”

“वाटोळं होऊ नये म्हणूनच,” बाई म्हणाल्या. त्यांनी मला बसवलं, चहा टाकला आणि गोपाळकृष्णची गोष्ट सांगितली. तो त्यांनी पाठवलेल्या पहिल्या मुलांपैकी. हॉटेलच्या स्वयंपाकघरात त्याच्या मनगटावर उकळतं तेल सांडलं. घरच्यांनी सगळीकडे सांगितलेलं, की मुलगा मोठ्या प्रशिक्षणाला गेलाय. मग भांडी घासताना भाजलं हे तो कुठल्या तोंडाने सांगणार? फडकं गुंडाळून काम करत राहिला. जखम चिघळली. आजही त्याचा उजवा हात नीट वळत नाही.

“त्याची आई मला विचारायला आली होती. म्हणाली, आम्ही काय परके होतो, आम्हाला का नाही सांगितलं त्याने? काय उत्तर देणार होते मी त्या माऊलीला?” बाईंनी चहा गाळून माझ्यापुढे ठेवला. “परदेशात पोरांना दुखतंखुपतं हो. रडायला घर लागतं. घरानेच तोंड बंद केलेलं असेल, तर मी पाठवत नाही. तिकीट गेलं तर गेलं.”

मी भांडण तिथेच ठेवून खाली आलो. आप्पासाहेबांना सगळं सांगितलं. ते दुसऱ्या दिवशी बाकावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, पण बसले नाहीत.

“मंडळी, यज्ञेश्वर हॉटेलातल्या खोल्या झाडायला आणि संडास धुवायला चालला आहे. प्रशिक्षण वगैरे काही नाही, ते मी खोटं बोललो. कुणाला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं. मला भाजी आणायची आहे.”

कुणी हसलं नाही. बाळ जोगळेकर नुसते सरकले आणि त्यांनी आप्पासाहेबांना बाकावर जागा करून दिली. बाईंनी हॉटेलला अजून काही कळवलेलंच नव्हतं. “वाट बघत होते,” एवढंच म्हणाल्या. यज्ञेश्वर ठरल्या दिवशी गेला.

तीनेक आठवड्यांनी, आम्ही बाकावर असतानाच आप्पासाहेबांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. यज्ञेश्वरचा आवाज बसलेला होता.

“बाबा, एकटे आहात ना?”

आप्पासाहेबांनी आमच्याकडे पाहिलं. उठून बाजूला जाता आलं असतं.

“नाही रे. खाली बाकावर आहे, सगळे आहेत. तू बोल.”

मग ते एवढं थोरलं पोरगं ढसाढसा रडायला लागलं. संडास धुवायच्या औषधाने दोन्ही हातांची सालटी निघाली होती. हातमोजे मागितले, की देखरेखीची बाई उद्या म्हणायची, आणि उद्या रोजच असायचा. आता बोटं मिटत नव्हती. गुडघेदुखीने बेजार असलेले बाळ जोगळेकर तोवर जिना चढून गेलेसुद्धा.

खांबेटेबाई कणकेच्या हातांनी खाली आल्या. यज्ञेश्वरला दोन प्रश्न विचारले, मग आपल्या फोनवरून हॉटेलच्या मालकाला धरलं. आम्हाला जर्मनचं अक्षर कळत नाही, पण मालकाची काय दशा होत असेल ते कळत होतं. फाटकावरचा वॉचमन उभा राहिला. तासाभरात पोरगं डॉक्टरकडे होतं, आणि हातमोज्यांचा खोका त्याच्या खोलीवर पोचला होता.

“वेळेवर कळलं. हात बरे होतील,” बाई आप्पासाहेबांना म्हणाल्या. इतक्या वर्षांत कधी त्या आमच्या बाकावर टेकल्या नव्हत्या. त्या दिवशी टेकल्या, आणि कणकेचा हात तसाच डोळ्यांना लावून रडायला लागल्या.

“सांगितलंन हो त्याने,” त्या म्हणाल्या. “सांगितलंन.”