चिंचेखालचं हरीण

सुट्टीत कुठल्या अभयारण्यात जायचं ते ठरवायला सून मोबाईलवर फोटो दाखवत होती.

"आई, इथे पक्षी, इथे वाघ, इथे तळ्यात नाव. तुम्हाला काय आवडतं?"

मी एकेक फोटो बघत गेले. एका फोटोत वीज पडून दुभंगलेली चिंच दिसली, तिच्याखाली एक हरीण उभं. ती चिंच आमच्या अंगणातली होती. अभयारण्य झालं तेव्हा आमचं गाव उठवलं, घरं पाडली. झाड तेवढं राहिलं.

"इथे जाऊ," मी म्हटलं.

"अगंबाई, हरणं आवडतात होय तुम्हाला!"

मी मान हलवली. घर गेलं तरी उंबरा कुठे होता ते डोळे विसरत नाहीत. हरीण नेमकं तिथेच थांबलं होतं, आतून कुणी हाक मारील म्हणून.