बसऱ्याचं रडणं

मी एका मुक्या जिवाला घराबाहेर काढले आणि त्याबद्दल एका लेकराशी खोटे बोललो. सिद्धरामेश्वराच्या पायाशी रोज डोके टेकणाऱ्या माझ्या हातून हे घडले, म्हणून लिहितो आहे.

माझा धाकटा भाऊ मोठ्या लढाईत फौजेबरोबर इराकातल्या बसरा शहराकडे होता. परत येताना त्याने तोफांच्या माऱ्यात वाढलेले एक कुत्रे बरोबर आणले. त्याला आम्ही बसऱ्या म्हणू लागलो. पुढे भाऊ तापाने गेला. मागे राहिली त्याची आईवेगळी पोर चंद्री, आणि हे कुत्रे. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की बसऱ्या थरथर कापे, मान वर करून रडे आणि निजलेल्या चंद्रीच्या अंगावर आडवा पडे. ती त्याचे कान झाकून म्हणे, "उगी रं, तोफ न्हाय, भोंगा हाय."

मग चंद्रीलाही ताप भरला. शेजारच्या म्हातारीने मला सुनावले, "कुत्रं दारात रडतंय, पोरीच्या अंगावर चढतंय, अन् तुमी त्याला भाकरी घालताय? भाऊ गेला त्येवढं पुरं न्हाय व्हय?" मी घाबरलो. मैंदर्गीच्या बाजाराला जाऊन बसऱ्याला एका धनगराच्या हवाली केले. चंद्रीला सांगितले, पळून गेला.

ताप उतरला, पण पोर सावरली नाही. भोंगा झाला की दाराशी जाऊन उभी राही. "आता कुटं असंल? त्याचे कान कोण झाकत असंल?" भावाची म्हणून जी एक ऊब घरात उरली होती, तीही मीच नेऊन सोडली होती. भोंगा तर मला ऐकवत नसेच, पण त्यानंतरची शांतता अधिकच खायला उठे. सिद्धरामेश्वराच्या तळ्यातल्या देवळात पोरीसाठी काही मागावे म्हटले, तर खोटे बोललेल्या तोंडातून शब्द फुटेना.

शेवटी मैंदर्गीला गेलो. धनगरांचा तळ हलला होता. कोणालाच ठावठिकाणा माहीत नव्हता. हिंडून हिंडून वेशीपाशी बसलो आणि या वेळी देवाकडे काही मागायला गेलोच नाही. म्हटले, तू नेशील तिकडे येतो. तेवढ्यात डोईवर लोकरीचे ओझे घेतलेली एक बाई थांबली.

"काय हुडकतायसा, अण्णा?"

मी सांगताच ती हसली. "त्ये खुळं व्हय? आमच्याच तळावर हाय की! ढग गरजला की रडत रडत कोकरावर आडवं पडतंय. लागलं तर आपल्याला लागू दे म्हनून. आमी त्याला कोकरांची आईच म्हनतो."

भीतीने रडत असतानाही तो पोरीला पोटाखाली घेत होता, आणि मी त्याच्यात यमदूत पाहिला.

त्या बाईला त्या वाटेने कोणी धाडले, यावर मी वाद घालत नाही. माझे शहाणपण खाली ठेवले तेव्हा वाट दिसली, एवढेच जाणतो, आणि ते उपकार आठवले की डोळे भरून येतात.

बसऱ्याला घरी आणले. चंद्रीने त्याच्या गळ्याला मिठी मारली. मी तिच्यापुढे बसलो. "पोरी, तो पळाला नव्हता. मीच सोडून आलो. चुकलं माझं."

बसऱ्याचे कान कुरवाळत ती म्हणाली, "मला काय सांगतायसा, तात्या? त्याला सांगा की."

मी बसऱ्यापुढे हात जोडले, कपाळ जमिनीला टेकवले आणि म्हटले, "बाबा, चुकलं माझं."