साबणवाल्याचं चित्र आणि डॉक्टरांचा कोट

"कुठे चुकलाय, सांगा."

चष्मा कपाळावर सरकवायचा, हात पाठीमागे बांधायचे, एवढंच बोलायचं आणि गप्प राहायचं. चित्रं बघायला आलेल्यांना घेऊन डॉक्टरांची गुरुवारची फेरी अशी सुरू व्हायची. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा गावात, आमच्या लहानशा कलादालनात स्वयंसेवकांचं वेळापत्रक मी सांभाळते. माझी गुरुवारची कामं क्रमाने अशी: कुलूप, दिवे, खुर्च्या, डॉक्टर.

चित्रं त्यांचीच, आम्हाला उसनी दिलेली. इंग्लंडचा राजा वेडा झाला होता आणि त्याच्या जागी राजपुत्र कारभार बघत होता, त्या दिवसांतली छापील, हाताने रंगवलेली व्यंगचित्रं. त्यांचं लाडकं चित्र साबणवाल्याचं. धंद्यात पैसा मिळाला म्हणून तो सहकुटुंब बड्या लोकांच्या नाचाला गेलाय. बायकोच्या डोक्यावरची पिसं झुंबराच्या मेणबत्तीला लागून पेटलीत. त्याचा एक मोजा घोट्यावर घसरलाय. मागे सरदार मंडळी पंख्याआड हसतायत.

लोक पिसं दाखवायचे. डॉक्टर मान हलवायचे. "मोजा बघा, मोजा. पिसं कुणाचीही पेटतील. मोज्यावरून घराणं कळतं."

एकदा मी विचारलं, "ही चित्रं विकत कोण घ्यायचं हो?"

"सरदार लोक," ते म्हणाले. मग चष्मा खाली घेत, "आणि सरदार दिसायची हौस असलेले."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. दालनातला खेळ दालनात ठेवला असता तर काही नव्हतं. पण इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या आरतीला, टाळ वाजवता वाजवता, ते माझ्या कानाशी यायचे. "तो पुण्याचा नवीन आलाय बघ. गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. कुठे चुकलाय सांग."

"डॉक्टर, प्रसाद वाटायचाय. सरका."

गंमत वाटायची, नाही असं नाही. पण वर्षानुवर्षं तेच ऐकून माणूस थकतो. मला प्रत्येक कार्यक्रमात त्यांच्याजवळ कुणाला बसवायचं याचा विचार करावा लागे.

आणि मग त्यांच्या एकुलत्या एक लेकीने लग्न ठरवलं. ती इथल्या हॉस्पिटलात फिजिओ. मुलगा बाथरूमच्या टाइल्स बसवणारा. त्याचे वडील शेतांना कुंपणं घालून देणारे.

"फरशीवाला," डॉक्टर म्हणाले. आई नसलेल्या त्या मुलीने माझ्यासमोरच त्यांना सांगितलं, "बाबा, यू कॅन कम ऑर नॉट कम, युअर चॉइस. पण चुका शोधायला येणार असाल तर नकोच. आय मीन इट."

लग्नाआधी मुलाच्या घरी जेवणाचं बोलावणं आलं. डॉक्टरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून गाडी मी चालवणार होते. ते बाहेर आले ते थ्री-पीस सूटमध्ये. जानेवारीचं ऊन. मी म्हटलं, "डॉक्टर, बार्बेक्यू आहे."

"पहिली भेट आहे," ते म्हणाले आणि बसले.

तिथे सगळे हाफ पँटमध्ये. मुलाचे वडील अनवाणी. आई चिमटा हातात घेऊनच पुढे आली. "टेक युअर कोट ऑफ, लव्ह, यू'ल मेल्ट." डॉक्टर म्हणाले, "आय ॲम फाइन, थँक यू." दुपारभर ते प्लॅस्टिकच्या खुर्चीत कोट घालून बसले. कॉलर भिजली. मुलाने पंखा आणून त्यांच्याकडे वळवून ठेवला. डॉक्टर शाकाहारी, म्हणून त्यांच्यासाठी भरलेल्या ढोबळ्या मिरच्या मांसापासून वेगळ्या, फॉइल घालून भाजल्या होत्या. लेक सारखी बापाकडे बघत होती. तिचं जेवण तसंच राहिलं.

परतताना गाडीत ते म्हणाले, "आज कुठे चुकलं, सांग."

"कुठेच नाही."

"खोटं बोलू नकोस. कोट."

मी गाडी हायवेला घेतली.

"इथे आलो त्या वर्षी सिनियरच्या घरी असाच गेलो होतो. सगळे चड्डीत. खूप हसले. पुढच्या वर्षी एक नवा डॉक्टर कोट घालून आला, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मी हसलो."

"आज कुणी हसलं नाही, डॉक्टर."

"तेच तर. हसले असते तर मला माहीत होतं काय करायचं ते."

लग्न त्याच अंगणात झालं. डॉक्टर आले, कोट घालूनच. मुलाची आई पुन्हा म्हणाली, "कोट, लव्ह?" त्यांनी एक एक बटण काढलं आणि कोट तिच्या हातात दिला. तिने तो मागच्या दाराशी खुंटीवर अडकवला. आमच्यातल्या एकीने पैठणीखाली स्नीकर्स घातले होते. अंतरपाट धरणाऱ्या मुलाच्या काकाने तो आधी उलटा धरला, मग फार खाली धरला. मी डॉक्टरांच्या शेजारीच उभी होते. कानाशी काही येईल म्हणून वाट पाहिली. डॉक्टर अक्षता मुठीत धरून लेकीकडे बघत होते.

कोट तिथेच राहिला. पुढे थंडी पडली, तेव्हा मी फोनवर म्हटलं, "त्या बाजूला चाललेय, कोट आणू का?"

"राहू दे. तिकडे जायला निमित्त असतं."

रविवारी लेक त्यांना घेऊन जायची. दर वेळी ते कोट विसरून यायचे. ती थंडी संपायच्या आत ते झोपेतच गेले.

गुरुवारची फेरी आता मीच घेते. साबणवाल्यापाशी लोक पिसं दाखवून हसतात. मी त्यांना पुढच्या चित्राकडे नेते.

परवा लेकीचं काही सामान पोचवायला तिच्या सासरच्या घरी गेले होते. मागच्या दाराशी रेनकोट, कुत्र्याचा पट्टा आणि मध्ये डॉक्टरांचा कोट. कुणीतरी त्यावर उन्हाची टोपी अडकवली होती. खांद्यांवर इथली लाल माती बसली होती. सवयीने झटकायला हात वर केला, आणि तसाच खाली घेतला.